‘काहीही करा’ म्हटलं की काहीच का सुचत नाही?

२७ जानेवारी २०२५ या एका दिवसात एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीचं बाजारमूल्य सुमारे ५८९ अब्ज डॉलरने घसरलं. निमित्त होतं डीपसीक ही चिनी कंपनी. चीनला उत्तम चिप विकायला अमेरिकेने बंदी घातली होती. तरी या मंडळींनी दुय्यम चिपवर कृत्रिम बुद्धिमत्तेचं असं मॉडेल उभं केलं, की ते थेट अमेरिकी मॉडेलांच्या मांडीला मांडी लावून बसलं. तेव्हापासून कंपन्यांच्या बैठकांमध्ये एक वाक्य वारंवार कानावर पडतं: ‘साधनं कमी दिली की माणसं जास्त डोकं चालवतात.’

वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही, आणि हे वाक्य नेमकं बजेट कापायच्या आदल्या आठवड्यात का निघतं, हेही कुणी विचारत नाही.

## आधी स्वयंपाकघर

‘आज भाजी काय करू?’ या प्रश्नाला ‘काहीही कर’ हे सगळ्यात निरुपयोगी उत्तर आहे, हे घराघरात माहीत आहे. त्या उत्तरावर शेवटी बटाट्याचीच भाजी होते. मोकळं रान मिळालं की मन नवीन काही शोधत नाही, हाताशी जे पहिलं येतं तेच उचलतं. याउलट ‘चार वांगी आहेत, दाण्याचं कूट आहे, पोळ्या लाटायला वेळ नाही’ असं सांगा. डोकं लगेच चालायला लागतं, कारण नेहमीची वाट बंद झालेली असते आणि दुसरी शोधणं भाग पडतं.

पण वांगीही नाहीत, तेलही नाही, गॅसही संपलाय आणि पाहुणे दारात उभे आहेत, अशा वेळी कुणाची पाककला फुलत नाही. वडापाव मागवला जातो.

या लेखात दोनच शब्द पारिभाषिक अर्थाने वापरतो. *मर्यादा* म्हणजे काम सुरू होण्याआधी ठरलेली, सगळ्यांना माहीत असलेली आणि मध्येच न बदलणारी अट. *शिदोरी* म्हणजे ती अट पाळताना माणसांजवळ आधीपासून असलेलं कौशल्य, तयार हत्यारं, जुने भाग आणि चुकायची मुभा. वरच्या चार वांग्यांच्या उदाहरणात मर्यादा होती आणि शिदोरीही होती. दुसऱ्यात शिदोरीच गेली.

अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. २०१९ मध्ये ‘जर्नल ऑफ मॅनेजमेंट’मध्ये १४५ प्रयोग-पाहण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा सूर असा की मर्यादा मुळीच नसेल तर माणसं सुस्तावतात, अति झाली तर गुदमरतात, आणि मधल्या पट्ट्यात कल्पकता सगळ्यात जास्त दिसते. आमटीतल्या मिठाचं गणित. मात्र मीठ किती, एवढ्यावर थांबून भागत नाही. ते कशात टाकतोय हेही बघावं लागतं.

## डीपसीकपुढची अडचण नेमकी कोणती होती?

ऑक्टोबर २०२२ च्या अमेरिकी नियमांत बसावी म्हणून एनव्हिडियाने चीनसाठी एच८०० नावाची चिप काढली. या कामाला लागणारा तिचा हिशेबाचा वेग मूळ एच१०० च्या जवळपास तितकाच ठेवला. छाटला तो दोन चिपमधल्या देवाणघेवाणीचा वेग: सेकंदाला ९०० गिगाबाइटवरून ४०० वर. (वर्षभराने या चिपवरही बंदी आली.)

एखाद्या मोठ्या कार्यालयाची कल्पना करा. कारकून तेवढेच हुशार, पण मजल्यामजल्यांतले जिने अर्ध्याहून अरुंद केलेत. हजारो फायली इकडून तिकडे जायच्या आहेत. कारकुनांना ‘हात चालवा’ म्हणून उपयोग नाही, त्यांचे हात चालूच आहेत. फाईल हलण्याचं प्रमाण कमी करायला हवं.

डीपसीकने डिसेंबर २०२४ च्या आपल्या अहवालात नेमकं हेच मांडलंय. मॉडेलचा पसारा ६७१ अब्ज आकड्यांचा, पण एका शब्दतुकड्यासाठी त्यातले ३७ अब्जच कामाला लागतात. जवळपास प्रत्येक थरात २५६ ‘तज्ज्ञ’ बसलेले आणि त्यांतल्या आठांनाच हाक मारायची. एक फाईल जास्तीत जास्त चार संगणक-गटांपर्यंतच जाईल, हा नियम. प्रत्येक चिपमध्ये हिशेब करणारे १३२ छोटे कक्ष असतात. त्यांतले २० हिशेबातून काढून फक्त ने-आण करायला बसवले, म्हणजे १३२ माणसांच्या कचेरीत २० जणांना निव्वळ शिपायाचं काम. भरपूर जिने असताना हा उद्योग कुणी केला नसता.

मग ५५.७६ लाख डॉलरमध्ये सगळं झालं, ही बातमी खरी की खोटी? आकडा खरा, समज चुकीचा. २,०४८ चिप मिळून जे सुमारे २७.८८ लाख चिप-तास चालले, त्यांचं तासाला दोन डॉलरप्रमाणे धरलेलं ते भाडं आहे, आणि तेही फक्त शेवटच्या प्रशिक्षण-फेरीचं. त्याआधीचं संशोधन, फसलेले प्रयोग यात धरलेले नाहीत, असं अहवालातच लिहिलंय. शिवाय या मंडळींच्या मागे गुंतवणुकीच्या धंद्यात मुरलेली कंपनी उभी होती आणि तिच्याकडे आधीच्या पिढीच्या दहा हजार चिपचा ताफा होता. अडचण एका जागी होती, पण घरात धान्य भरपूर होतं.

## मंगळयान: ४५० कोटींच्या आड काय होतं?

आपल्याकडे या विषयावर बोलताना मंगळयान यायचंच. ४५० कोटी रुपये आणि त्याच महिन्यात मंगळाकडे निघालेल्या नासाच्या मेव्हन यानाचे ६७.१ कोटी डॉलर, ही तुलना सगळ्यांना पाठ आहे. ती फारशी न्याय्य नाही (मेव्हनवर सुमारे ६५ किलोची उपकरणं होती, आपल्यावर १५ किलोची). पण मर्यादा काम कसं करते हे बघायला मंगळयानाइतकं स्वच्छ उदाहरण सापडणं अवघड.

पैशाची मर्यादा इथे दुय्यम होती. मुख्य दोन: वजन आणि तारीख.

२०१० मध्ये जीएसएलव्ही हे मोठं रॉकेट दोनदा अपयशी ठरलं होतं. भरवशाचं उरलं ते पीएसएलव्ही. त्याची ताकद बघता यानाचं वजन साडेतेराशे किलोच्या आत बसवणं भाग होतं आणि यान थेट मंगळाच्या वाटेला लागणार नव्हतं. पृथ्वीभोवतीच्या २४८ किलोमीटर बाय २३,५५० किलोमीटरच्या लांबट कक्षेत ते सुटणार होतं. यान भरलं १,३३७ किलो. त्यात ८५२ किलो इंधन. म्हणजे सांगाडा, सौरपंखे, संगणक, अँटेना, उपकरणं असं सगळं मिळून ४८५ किलो.

पुढची वाट यानाने स्वतःच्या ४४० न्यूटनच्या छोट्या इंजिनावर कापायची. झोक्यावरच्या मुलाला आपण एकदम उंच फेकत नाही. झोका खालून जाताना दरवेळी थोडा रेटा देतो. तसंच यान पृथ्वीच्या सगळ्यात जवळून जाताना इंजिन पेटवायचं, की दूरचं टोक आणखी दूर जातं. ७ ते १६ नोव्हेंबर २०१३ या दहा दिवसांत असे सहा रेटे दिले आणि दूरचं टोक १ लाख ९२ हजार किलोमीटरच्या पुढे नेलं. १ डिसेंबरच्या पहाटे २२ मिनिटांच्या शेवटच्या रेट्याने यान मंगळाच्या वाटेला लागलं.

ठरवले होते पाचच रेटे, झाले सहा. ११ नोव्हेंबरला चौथ्या रेट्याच्या वेळी इंधनाची झडप उघडणारी विजेच्या तारेची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही वेटोळी एकाच वेळी चालवून बघितली. इंधनाचा प्रवाहच थांबला. टोक एक लाख किलोमीटरवर जायचं ते ७८,२७६ वरच अडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जादा रेटा देऊन भरपाई केली. म्हणजे इंधनाचा थेंब न् थेंब मोजलेला असतानाही चुकीपुरतं इंधन राखलेलं होतं. आणि झडपेची ही परीक्षा घेतली ती पृथ्वीच्या अंगणात, जिथे चूक परवडते. ‘काटकसर’ म्हणून हे राखीव इंधन आधीच कापलं असतं तर?

इंजिनाचीही तीच गोष्ट. ते सुमारे ३०० दिवस निपचित पडून राहणार आणि मग मंगळापाशी एकदाच, पण हमखास पेटायला हवं. इतके दिवस बंद राहिलेल्या झडपा गळू शकतात, अडकू शकतात. म्हणून इंधनाची वापरलेली वाट बंद करून दुसरी, कोरी वाट ठेवली होती. पोहोचण्याच्या दोन दिवस आधी, २२ सप्टेंबर २०१४ ला, चारेक सेकंद इंजिन पेटवून बघितलं. ते पेटलं नसतंच तर २२ न्यूटनच्या आठ छोट्या इंजिनांवर काम भागवायचा बेत तयार होता. मंगळाहून संदेश यायला बारा-साडेबारा मिनिटं लागत असल्याने ऐन वेळी बंगळूरुहून हाताळणं शक्य नव्हतं. आज्ञा आधीच भरून ठेवल्या होत्या. २४ सप्टेंबरला इंजिन सुमारे २३ मिनिटं चाललं आणि यान मंगळाभोवती फिरू लागलं.

आता तारीख. मंगळाला जायची कमी इंधनाची संधी दर २६ महिन्यांनी येते. सरकारी घोषणा झाली १५ ऑगस्ट २०१२ ला, उड्डाण ५ नोव्हेंबर २०१३ ला. मधे पंधरा महिनेसुद्धा नाहीत. ही तारीख कुठल्या साहेबाने टेबलावर हात आपटून दिलेली नव्हती, ग्रहांनी दिली होती. माझ्या मते तिची खरी ताकद इथे आहे. साहेबाच्या तारखेवर घासाघीस करता येते, म्हणून निम्मी शक्ती घासाघिशीत आणि खोटे अंदाज फुगवण्यात जाते. ग्रहांशी कोण घासाघीस करणार?

आणि शिदोरी? पीएसएलव्हीचं ते पंचविसावं उड्डाण होतं. त्याच्या मोटरच्या कवचांचे भाग आपल्या वालचंदनगरला आणि विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये वर्षानुवर्षं बनत होती. यानाचा सांगाडा आधीच्या उपग्रहांवरून आणि चांद्रयान-१ वरून उचललेला. बंगळूरुजवळ ब्यालाळूची ३२ मीटरची अँटेना चांद्रयानासाठीच उभी राहिली होती. हे सगळं आधी उभं करायला लागलेला खर्च ४५० कोटींत धरलेला नाही.

## पण मग काही गमावलं की नाही?

गमावलं. मर्यादा खर्च नाहीसा करत नाही, तो कुठे पडेल एवढंच ठरवते. इंधन वाचवायचं म्हणून मंगळाभोवतीची कक्षा खूप लांबट ठेवली: जवळचं टोक ४२२ किलोमीटर, दूरचं जवळपास ७७,०००. परिणामी जवळून निरीक्षण करायला वेळ थोडाच. मिथेन शोधणाऱ्या उपकरणाच्या रचनेत दोष निघाला. मिथेन आणि इतर वायूंच्या खुणा त्याला वेगळ्या काढता येईनात. शेवटी त्याचा उपयोग मंगळाचा पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो, हे मोजायला केला. २६ महिन्यांच्या तारखेला बांधलेल्या कामात ‘थांबा, पुन्हा एकदा बघू’ म्हणायला जागा फार कमी असते.

गंमत म्हणजे त्याच लांबट कक्षेने एक बक्षीसही दिलं. इतक्या दुरून पूर्ण मंगळ एका चौकटीत मावतो. शिवाय मंगळाचा चंद्र डायमॉस सुमारे २३ हजार किलोमीटरवर फिरतो. यान त्याच्या पलीकडे जात असल्याने तेव्हाच्या इतर यानांना न दिसणारी त्याची मागची बाजू टिपता आली.

## हे सगळं म्हणजे जुगाडच ना?

नाही. जुगाडात आजचा दिवस निघतो. उद्या तेच दुसऱ्याला करायला सांगा, जमेलच असं नाही. मंगळयानाच्या राखीव झडपेची वाट कागदावर होती, तपासलेली होती. जुगाडाचं कौतुक करणाऱ्या संस्थेत आणखी एक खोड लागते: मूळ दुखणं बरं करायचं राहून जातं, कारण कुणीतरी तार बांधून वेळ मारून नेणारच असतं.

## मर्यादा पाळली आणि तरी फसलं, असं होतं?

टाटा नॅनो. एक लाख रुपयांत गाडी, ही मर्यादा इतकी कडक की पुण्याच्या अभियंत्यांना प्रत्येक भागाला ‘तू कशाला हवास?’ विचारावं लागलं. ६२३ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे नेलं, वायपर एकच ठेवला, चाकाला चारऐवजी तीन नट. अभियांत्रिकी म्हणून हे देखणं काम होतं. जानेवारी २००८ मध्ये गाडी दाखवली तेव्हा जग बघत राहिलं.

पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातेतल्या साणंदला कारखाना हलवावा लागला, तो घोळ वेगळा. पण विक्रीचं मोठं दुखणं मर्यादेच्या जागेत होतं. एक लाख ही अट अभियंत्यांसाठी होती. ती ग्राहकासाठी जाहिरात झाली. स्कूटरवरून उतरणाऱ्या कुटुंबाला गाडी हवी होती, ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ नको होती. रतन टाटांनीही पुढे ही चूक उघडपणे मान्य केली. पैसे वाचवायला मागचं दार उघडणारं ठेवलं नव्हतं. गावी निघताना पिशव्या मागच्या सीटवरून आत ढकलायच्या, हे घेणाऱ्याला रोज टोचतं. ते दार २०१५ च्या मॉडेलात आलं, तोवर उशीर झाला होता. वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता, आणि सगळ्यात चांगल्या वर्षातही विक्री पाऊण लाखाच्या आतच.

## डेडलाइन आवळली की डोकं चालतं, हे तर खरं?

वाटतं तसं. हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले आणि सहकाऱ्यांनी १७७ कर्मचाऱ्यांच्या नऊ हजारांवर रोजनिशी-नोंदी तपासल्या. अत्यंत दडपणाच्या दिवशी माणसांना आपण जोरात काम केलं असं वाटत होतं. नोंदी सांगत होत्या की त्या दिवशी कल्पक विचार होण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी होती. दडपणाचा ताण दुसऱ्या दिवशीही उतरत नव्हता.

अपवाद आहे. एकच काम, ते का करायचं हे स्पष्ट, आणि मधे कुणी टोकत नाही, अशा वेळी कडक मुदतही चालते. एप्रिल १९७० मध्ये चंद्राच्या वाटेवर बिघडलेल्या अपोलो १३ यानाच्या चमूने कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे गोल जागेत बसवायला प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरून हवा शुद्ध ठेवली, ती अशीच. पण दिवसातून सहा मीटिंग, शंभर ईमेल आणि वर ‘संध्याकाळपर्यंत तीन आयडिया पाठव’, ही मर्यादा नव्हे, छळ आहे.

## आपल्या कार्यालयात करून बघायचं तर?

समजा, एखाद्या पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज नऊ पानांचा आहे आणि मंजुरीला दोन आठवडे जातात. ‘अर्ज सुटसुटीत करा’ म्हणून काही होणार नाही. ‘दहा टक्के कमी करा’ म्हटलं की लोक समासच कमी करतील. अट अशी हवी की जुनी पद्धत तिच्यात बसूच नये: ‘अर्ज एका कागदावर, पाठपोट.’

त्याच दिवशी तीन गोष्टी लिहून भिंतीवर लावायच्या. काय हलणार नाही: पोटनियम, जामीनदारांची अट, सह्या. काय मोकळं: तपासणीचा क्रम, कोण कधी कर्जदाराकडे जाणार, संगणक की कागद. आणि ही अट का, एका ओळीत: ‘बाजाराच्या दिवशी आलेल्या सभासदाला त्याच फेरीत अर्ज पुरा करता यावा.’ हे ‘का’ नसेल तर लोक अटीचा शब्द पाळतात, हेतू सोडतात. पहिल्या आठवड्यात कुणीतरी अक्षरं आठच्या आकाराची करून आणेल, म्हणून १२ च्या खाली नाही हे आधीच सांगायचं. दुसऱ्या आठवड्यात पाच पुरवण्या निघतील, म्हणून जोडपत्रंही त्याच कागदात मोजायची. हे दोन पळवाटांचे दरवाजे बंद झाले की तिसऱ्या आठवड्यात खरं काम सुरू होतं: पत्ता चार जागी विचारलाय, सभासदत्वाच्या फायलीत असलेली आधारची प्रत पुन्हा मागितली आहे, आणि एक रकाना असा आहे की तो आजवर कोण वाचतं हेच कुणाला सांगता येत नाही.

शिदोरी विसरायची नाही. जे दोघे-तिघे हे करणार त्यांना सहा आठवडे रोज दोन तास खिडकीवरून मोकळं करा, आणि पहिले वीस अर्ज जुन्या-नव्या दोन्ही कागदांवर भरून घ्या, म्हणजे नव्यात काही निसटलं तर कर्ज अडणार नाही. माणसंही कमी केली आणि पानंही, तर नऊ पानं परत येतील, फक्त हाताने लिहिलेली.

एकाच वेळी एकच मोठी अट. पानं, दिवस आणि माणसं या तिन्हींवर एकदम कात्री चालवली की कोणत्या अटीने काय घडवलं, हे कळत नाही.

## अट ढिली कधी करायची?

तीन महिन्यांनी भरलेले अर्ज काढून त्यांचे समास बघा. कारकुनांनी पेनाने कडेला काही ना काही लिहिलेलं असतंच: ‘शेत सामाईक’, ‘पगार दोन हप्त्यांत’, ‘मुलगा मुंबईला, फोन सायंकाळी’. दहापैकी सात अर्जांच्या कडेला जे सापडेल, त्याला रकाना करून द्या आणि त्याच्या बदल्यात कुणीच न भरलेला एक काढा. कागद एकच राहील.